सबनेट मास्क, आयपीचे वर्ग आणि आमच्या शाळेतला पंधरा नंबर



आजचा पाठ पाठ्यपुस्तकातला नाही. सबनेट मास्क हा शब्द मी एमएससीआयटी करताना कधी ऐकल्याचं मला आठवत नाही. वर्ड, एक्सेल आणि ईमेल शिकले, पास झाले, प्रमाणपत्र सेवापुस्तकाला लावलं आणि संगणक आपल्याला येतो असं समजून चालले. पुढे या एका शब्दामुळे माझ्या हातून एका मुलावर अन्याय झाला. म्हणून तो शब्द मी मुळापासून शिकले. तुमच्याही शाळेत चार संगणक वायरनं जोडलेले असतील, तर हे वाचून ठेवा, कधीतरी उपयोगी पडेल.

आमची जिल्हा परिषदेची पहिली ते सातवीची शाळा. पुण्यातलं एक ऑफिस जुने संगणक काढून नवे घेत होतं. गावातल्या एकाच्या ओळखीनं त्यातले नऊ आम्हाला मिळाले. खोली एकच, टेबलं पाचच. त्यामुळे जूनमध्ये पाच संगणक लागले, चार पोत्यात गुंडाळून कपाटावर राहिले. गावातलाच एक मुलगा पुण्यात नोकरी करतो, डिप्लोमा झालेला आहे. त्यानं एका रविवारी येऊन पाचही जोडून दिले. त्यातल्या एकात सगळे पाठ, कवितांचे ऑडिओ आणि सरावाचे प्रश्न भरले. त्याला मुलं ‘मोठा’ म्हणायची. बाकीचे चार संगणक वायरनं मोठ्याशी बोलायचे आणि त्याच्यातलं उघडायचे. इंटरनेटची गरजच नव्हती. ते बरंच होतं, कारण आमच्याकडे रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्यावर येते.

वहीच्या पानावर त्यानं नंबर लिहून ठेवले होते. मोठा १९२.१६८.१.१०, बाकीचे ११, १२, १३, १४. दिवाळीनंतर सुताराकडून टेबलं आली. त्याला फोन केला तर म्हणाला, “मॅडम, सोपंय. आयपीच्या चौकटीत १९२.१६८.१ टाका, शेवटचा आकडा फक्त पुढचा पुढचा घ्या.”

मी तसंच केलं. पंधरा टाकला. संगणकानं इंग्रजीत तक्रार केली, पत्ता आणि मास्क जुळत नाही अशा अर्थाची. मी ओके दाबलं आणि सोळा टाकला. पुन्हा तीच तक्रार. सतरा टाकला, घेतला. अठरा, एकोणीस, वीस, सगळे घेतले. सातवीतला एक मुलगा माझ्या शेजारी स्टूल धरून उभा होता. तो म्हणाला, “बाई, पंधराला का नको म्हणतोय?” मी म्हटलं, “अरे, नको तर नको, पुढचा टाकायचा.”

शिक्षकांनो, इथे जरा थांबा. वर्गात आपणच म्हणतो ना, की प्रश्न विचारा म्हणून? त्या दिवशीचा सगळ्यात चांगला प्रश्न त्यानं विचारला होता आणि मी तो स्टुलासकट बाजूला सारला.

सतरापासून वीसपर्यंतचे चार संगणक सुरू झाले, पण मोठा काही उघडेना. जुन्या चारांवर कविता वाजत होत्या, नवे चार नुसते बघत बसलेले. मी ठरवून टाकलं, वायर खराब. चारच दिवसांनी मधल्या सुट्टीत खोलीत गेले तर हाच मुलगा टेबलामागे उकिडवा बसलेला, दोन्ही हातात ओढून काढलेल्या वायरी. माझं डोकंच फिरलं. म्हणजे हे उद्योग चाललेत तर! त्याला तसाच वर्गासमोर उभा केला. तो म्हणत होता, “बाई, मी बघत होतो, ते चौघं एकमेकांना दिसतात, मोठाच दिसत नाही.” मी म्हणाले, “तोंड वर करून बोलू नकोस.” संगणकाची खोली त्याला बंद.

दोन दिवसांनी त्याची आई आली. ऊसतोडीला, खुरपणीला जाणारी बाई. व्हरांड्यातच उभी राहिली, आत येईना. म्हणाली, “बाई, पोरानं काय मोडलं आसंल तर सांगा. एकदम न्हाई जमायचं, हप्त्यानं देते.” मी म्हणायला हवं होतं की असं काही नाही, तुम्ही जा निवांत. मी म्हणाले, “बघू, माणूस येऊन बघू दे आधी.” ती बाई तीन-साडेतीन महिने ते मनावर घेऊन कामाला जात असणार. मी पदरच्या पैशानं चार नव्या वायरी आणल्या, लावल्या, काही फरक पडला नाही. तरी मला वाटलं नाही की मुलगा निर्दोष असेल. वाटलं, वायर नाही तर मागचं सॉकेट खराब केलं असेल.

चैत्रात यात्रेला तो पुण्याचा मुलगा गावात आला. पालखी झाल्यावर त्याला शाळेत ओढून आणलं. तो सतरा नंबरपुढे बसला, दोन ठिकाणी क्लिक केलं आणि म्हणाला, “मॅडम, मास्क काय आहे बघितलं का?” मी म्हटलं, “मास्क? करोनातला?” तो हसला. मग मोठ्याचा बघितला, अकराचा बघितला आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला. “चूक माझीपण आहे. जूनमध्ये मीही नुसता पत्ता बदलला, मास्क त्या ऑफिसचाच राहिला.” पाच-सात मिनिटांत त्यानं नऊही संगणकांत एक आकडा बदलला. सतरावर कविता वाजायला लागली. वायरी ठीक, सॉकेटं ठीक. कुणी काहीही मोडलेलं नव्हतं.

तो आकडा होता २४०. त्याजागी त्यानं शून्य टाकलं. एवढंच. पण २४० मध्ये असं काय होतं, की अकरा ते चौदा चालले, पंधरा-सोळाला नकार मिळाला आणि सतराच्या पुढचे मोठ्याला मुकले? हे मला पुढचे आठ-दहा दिवस झोपू देईना. त्याच्याकडून फोनवर समजून घेतलं, रात्री वहीत मांडलं. ते आता तुम्हाला सांगते.

आयपी पत्ता म्हणजे चार आकडे, मध्ये टिंबं. प्रत्येक आकडा शून्य ते २५५ मधला. या एका पत्त्याचे दोन भाग असतात. डावीकडचा भाग सांगतो की संगणक कुठल्या जाळ्यातला, उजवीकडचा सांगतो की त्या जाळ्यातला कितवा. आडनाव आणि नाव म्हणा हवं तर. अडचण एकच आहे, दोन्हींच्या मध्ये रेघ दिसत नाही. टिंबं दिसतात, पण टिंब म्हणजे रेघ नव्हे. ती नुसती वाचायच्या सोयीसाठी आहेत, आपण मोठ्या संख्येत स्वल्पविराम देतो तशी.

मग रेघ कुठे, हे कसं कळायचं? याच्या तीन पद्धती आहेत आणि तिन्ही आपल्या ओळखीच्या आहेत.

पहिली पिन कोडची. १५ ऑगस्ट १९७२ ला आपल्याकडे पिन कोड सुरू झाला, आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवीही. सहा अंक. पहिले तीन पत्र कुठल्या जिल्ह्याकडे जायचं ते सांगतात, शेवटचे तीन तिथलं पोस्ट ऑफिस. महाराष्ट्र असो, बिहार असो, रेघ कायम तिसऱ्या अंकानंतर. इंटरनेटच्या पत्त्यांचंही अगदी सुरुवातीला असंच होतं. पहिला आकडा जाळ्याचा, उरलेले तीन संगणकाचे. पण अशानं जगात जेमतेम अडीचशे जाळी मावतात. तेव्हा कुणाला वाटलं असेल की एवढी पुष्कळ झाली.

दुसरी पद्धत एसटीडी कोडची. पिवळ्या बूथसमोर रांगेत उभे राहिलेले आपण, आपल्याला हे लगेच कळेल. सुरुवातीचं शून्य सोडलं तर मुंबईचा कोड २२, म्हणजे दोनच अंक, आणि घरचा नंबर आठ अंकी. नाशिकचा २५३, तीन अंक, घरचा नंबर सात अंकी. आमच्या साताऱ्याचा २१६२, चार अंक, आणि घरचा नंबर सहा अंकी. कुठेही बेरीज केली तर दहाच. शहर मोठं तर कोड लहान, म्हणजे आतल्या फोनना जागा जास्त. गाव लहान तर कोड लांब, आत जागा कमी. आणि कोड कुठे संपतो हे एक्स्चेंजला सुरुवातीच्या अंकांवरून कळतं, वेगळं सांगावं लागत नाही.

आयपीचे वर्ग म्हणजे हेच. सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या दस्तऐवजात ते आले. पहिला आकडा बघायचा. १ ते १२६ असेल तर ए वर्ग, रेघ पहिल्या आकड्यानंतर. १२८ ते १९१ असेल तर बी वर्ग, रेघ दुसऱ्यानंतर. १९२ ते २२३ असेल तर सी वर्ग, रेघ तिसऱ्यानंतर. २२४ ते २३९ हा डी वर्ग, एकाच वेळी अनेकांना पाठवण्यासाठी, आणि त्याच्या वरचा ई वर्ग राखीव. मधला १२७ का गाळला? तो संगणक स्वतःशी बोलायला वापरतो. (आपणही बोलतोच की, निकाल तयार करताना.)

हे आकडे मला आधी फार विचित्र वाटले. १२८, १९२, २२४, २४०. पाठ करायचे म्हटले तर होतात, पण असेच का? तेव्हा मला आजीची मापं आठवली. एकूण पत्ते म्हणजे एक शेर धरा. त्यातला अर्धा शेर ए वर्गाला दिला. उरलेल्यातला पावशेर बी ला. मग अदपाव सी ला. राहिलं अदपाव, त्याचे दोन छटाक, एक डी ला आणि एक ई ला. २५६ चे अर्धे १२८, तिथे ए संपला. त्यात पाव म्हणजे ६४ मिळवा, १९२. त्यात ३२ मिळवा, २२४. त्यात १६ मिळवा, २४०. बघा, पाठ करायला काही उरलंच नाही. अपूर्णांक शिकवताना हे उदाहरण मी आता दरवर्षी घेणार आहे.

मग वर्गांत वाईट काय होतं? आपल्या भाषेत सांगते. समजा शाळेच्या खोल्या तीनच मापांच्या बांधून ठेवल्यात. एक २५४ मुलांची, दुसरी ६५,५३४ मुलांची आणि तिसरी १,६७,७७,२१४ मुलांची. तुमचा पट ३०० आहे. पहिल्या खोलीत मावत नाही, म्हणून दुसरी दिली आणि पासष्ट हजार बाकं रिकामी. ती दुसऱ्या कुणाला देता येत नाहीत, कारण खोली तुमच्या नावावर. ए वर्गाची जाळी सगळी मिळून १२६, पण अर्धा शेर त्यांच्याच ताब्यात. आणि सगळं धान्य तरी किती? ४,२९,४९,६७,२९६ पत्ते. आकडा मोठा वाटतो, पण जगात माणसं त्याहून जास्त आहेत आणि आता एकेका माणसाकडे दोन-दोन यंत्रं.

म्हणून तिसरी पद्धत. रेघ पत्त्याकडे बघून ओळखायचीच नाही, ती वेगळी सांगायची. ही जी वेगळी सांगितलेली रेघ, तोच मास्क. १९८५ मध्ये एका मोठ्या जाळ्याचे आतल्या आत तुकडे पाडण्यासाठी ही पद्धत प्रमाण म्हणून लिहिली गेली, त्या तुकड्याला सबनेट म्हणतात. १९९३ मध्ये पुढचं पाऊल पडलं, वर्गच बाजूला ठेवले आणि रेघ हवी तिथे ओढायची मुभा दिली. तेव्हापासून १९२ दिसलं की ‘सी वर्ग, म्हणजे मास्क २५५.२५५.२५५.०’ असं म्हणता येत नाही. गाईडांत, परीक्षेच्या नोट्समध्ये अजून तसं लिहिलेलं असतं आणि मुलं पाठ करतात. गंमत म्हणजे विंडोजमध्येही ती जुनी सवय राहिली आहे. मास्कची चौकट रिकामी असेल आणि तुम्ही पत्ता टाकून पुढे गेलात, तर तो वर्ग बघून मास्क आपणच भरतो. आमच्या संगणकांत चौकट रिकामी असती तर बरोबर मास्क आपोआप आला असता. ती ऑफिसच्या जुन्या मास्कनं भरलेली होती आणि भरलेल्या चौकटीला कोण हात लावतो?

आता २४० कडे येते. हे मी सातवीच्या वर्गात करून बघितलं, तुम्हीही करा, साहित्य काही लागत नाही. आठ मुलं फळ्यासमोर एका रांगेत. प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठा. डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. उभा राहिला तर त्याची किंमत धरायची, खाली बसला तर शून्य. म्हटलं, दहा करा. आठवाला आणि दोनवाला उभे, बाकी बसले. सतरा करा. सोळा आणि एक उभे. २५५ करा म्हटल्यावर सगळेच ताडकन उठले. कुठलीही संख्या एकाच प्रकारे होते, दुसरा मार्गच नाही, हे त्यांनीच शोधलं. स्थानिक किंमत शिकवताना जे तोंड दुखेपर्यंत सांगावं लागतं ते इथे गुडघे सांगतात. पत्त्यात असे चार आकडे, म्हणून आठ चोक बत्तीस मुलं. माझ्या वर्गाचा पट एकोणीस, त्यामुळे आम्ही शेवटच्या आकड्यावरच भागवलं.

मास्कमध्ये एक नियम जास्तीचा. उभी मुलं डावीकडून सलग हवीत, मध्ये कुणी बसायचं नाही. त्यामुळे मास्कमध्ये नऊच आकडे येऊ शकतात. ०, १२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२, २५४, २५५. परत आजीचीच मापं! जिथवर मुलं उभी तिथवर जाळ्याचा भाग. जिथून बसली तिथून संगणकाचा. रेघ उभ्या आणि बसलेल्यांच्या मध्ये. मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर पहिले तीन आकडे पूर्ण जाळ्याचे आणि शेवटचा पूर्ण संगणकाचा. २५५.२५५.२५५.२४० असेल तर शेवटच्या आकड्यातही १२८, ६४, ३२ आणि १६ ही चौघं उभी, म्हणजे रेघ एका आकड्याच्या पोटातून जाते. टिंबाजवळ नाही. मी इथेच अडकले होते.

संगणक काय करतो ते आता बघा. निरोप पाठवण्याआधी तो स्वतःचा पत्ता मास्कखाली धरतो. वरचा उभा आणि मास्कमधलाही उभा, तरच उत्तरात उभा. एकही बसलेला असेल तर उत्तर बसलेलं. मग समोरच्याचा पत्ताही त्याच मास्कखाली धरतो. दोन्ही उत्तरं सारखी आली तर समोरचा आपल्याच गावचा, निरोप स्वतः हातानं नेऊन द्यायचा. वेगळी आली तर परगावचा, निरोप एसटी स्टँडवर, म्हणजे राउटरकडे द्यायचा, तो पुढे पोचवेल.

दहा घ्या. आठ आणि दोन उभे. मास्कमध्ये हे दोघंही बसलेले. उत्तर शून्य. सतरा घ्या. सोळा आणि एक. मास्कमध्ये सोळावाला उभा, एकवाला बसलेला. उत्तर सोळा. शून्य आणि सोळा. वेगळी गावं! सतराला वाटत होतं की मोठा परगावचा, आणि आमच्या खोलीत एसटीच येत नाही, कारण आमच्याकडे राउटर नाही, नुसता एक स्विच आहे. निरोप जागेवरच राहायचा. अकरा ते चौदाचं उत्तर काढा, शून्य येतं, म्हणून ते मोठ्याच्या गावचे. अठरा, एकोणीस, वीस काढा, सोळा येतं, म्हणून ते सतराच्या गावचे आणि एकमेकांना दिसणारे.

“ते चौघं एकमेकांना दिसतात, मोठाच दिसत नाही.” डिप्लोमावाल्या मुलाला मी हे वाक्य फोनवर सांगितलं असतं, तर त्यानं डिसेंबरातच उत्तर दिलं असतं. मी त्याला सांगितलं होतं, “वायरी कुरतडल्यात पोरांनी.” आणि वायरी ओढून तो मुलगा काय करत होता? चौदाची चालू वायर सतराला लावून बघत होता. चालली नाही, म्हणजे दोष वायरचा नाही. प्रयोगवहीत आपण जे लिहायला लावतो ते तो टेबलामागे करत होता.

पंधरा-सोळाचं राहिलं. २४० चा मास्क शेवटच्या आकड्याचे सोळा-सोळाचे गट पाडतो. शून्य ते पंधरा पहिला, सोळा ते एकतीस दुसरा, असे सोळा गट. प्रत्येक गटातला पहिला पत्ता त्या जाळ्याचं नाव म्हणून राखलेला, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायला, आपल्या परिपाठाच्या घंटेसारखा. हे दोन संगणकाला देत नाहीत, राहतात चौदा. पंधरा म्हणजे पहिल्या गटाची घंटा आणि सोळा म्हणजे दुसऱ्या गटाचं नाव. विंडोज नको म्हणत होता ते बरोबरच होतं. आणि मी दुसऱ्या गावात शिरतेय याची पाटी त्या दोन नकारांवर लिहिलेली होती.

त्या ऑफिसनं २४० ठेवला होता तो त्यांच्या कामासाठी योग्यच असेल, एकेका खोलीचं जाळं वेगळं ठेवायला असं करतात. चुकीचा मास्क असा काही नसतो. एका खोलीतल्या सगळ्यांचा सारखा आणि पत्त्यांना पुरेल एवढा हवा. तुम्हाला तुमचा बघायचा असेल तर विंडोजमध्ये सीएमडी उघडून आयपीकॉन्फिग टाइप करा, पत्ता आणि खाली मास्क दिसेल. काही ठिकाणी मास्कऐवजी पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि २४ किंवा २८ असा आकडा असतो. तो म्हणजे उभ्या मुलांची संख्या. २५५ मध्ये आठ उभे, तीन वेळा म्हणजे चोवीस. २४० मध्ये आणखी चार, म्हणजे अठ्ठावीस.

पालकांनी घरच्या वायफायचं हे बघितलं तर बहुतेकांकडे १९२.१६८ नं सुरू होणारा पत्ता सापडेल. शेजाऱ्याकडेही तोच निघेल, घाबरू नका. हे पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, १० नं सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचेही. घरोघरी ‘बाळू’ असतो तसं. बाहेर जाताना राउटर आपला एकच पत्ता लावतो. अशी काटकसर करूनही फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक कोठारातले शेवटचे गट वाटून संपले. पुढची सोय म्हणून आयपीव्ही६ हा नवा, बत्तीसऐवजी १२८ मुलांच्या रांगेचा पत्ता आलेला आहे. तो पुन्हा कधीतरी.

तर तो पुठ्ठ्यांचा तास. त्या मुलाला मी सोळाचा पुठ्ठा दिला होता. दहा आणि सतराचं गणित फळ्यावर झालं, उत्तरं वेगळी आली, वर्ग गप्प झाला. मी म्हणाले, “संगणक कुणी मोडले नव्हते. मास्क मी बघितला नव्हता. यानं मला दोनदा खरं सांगितलं आणि मी याला तुमच्यासमोर बोलले. माझं चुकलं.” हे मी स्टाफरूममध्ये बोलावून घेऊनही सांगू शकले असते आणि खरं सांगायचं तर तसंच करायचं मनात होतं. पण त्याला बोलले होते ते वर्गासमोर.

तो मान खाली घालून पुठ्ठ्याची दोरी गुंडाळत राहिला. माफ केलं की नाही, ते त्याच्या तोंडावर दिसलं नाही. मला वाटतं, नसावं इतक्यात.

संध्याकाळी त्याच्या घरी गेले. आई चुलीपुढे होती. म्हटलं, “तुमच्या मुलानं काही मोडलं नव्हतं, चूक माझी होती, एक पैसाही द्यायचा नाही.” ती उठून उभी राहिली, म्हणाली, “बसा की बाई, च्या टाकते.” मग आत जाऊन साखरेचा डबा शोधायला तिला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच तो संगणकाच्या खोलीच्या दाराशी उभा होता. किल्ली माझ्याकडे. कुलूप काढताना तो म्हणाला, “बाई, आता मास्क बदललाय. मग पंधरा चालंल का?”

मी म्हटलं, “मला वाटतं चालेल. का चालेल, सांग.”

तो स्टूल ओढून सतरा नंबरपुढे बसला. “आता घंटा २५५ ला गेली. आणि नाव शून्याला.” चौकट उघडली, सतरा खोडला, पंधरा टाकला आणि ओके दाबायच्या आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. काही तक्रार आली नाही. शेजारच्या अठराचा त्यानं सोळा केला. मग वहीच्या त्या पानावर, जिथे १४ नंतर एकदम १७ लिहिलेलं होतं, तिथे खाडाखोड न करता वरच्या बाजूला बारीक अक्षरात दोन्ही नंबर लिहिले.